सम्यक वाचा

आंजी (मोठी)
१२ जानेवारी १९५८

चि. सौ. भागीरथा,

जयभीम अन् आशीर्वाद.

हा कागद प्रेमदास टेलरनं लिहून देला नाई. कवडूनंही नाई. कवडूले त माहीतही नाई का मी कागद लिहून राह्यली. हे अक्षर माहं आहे, तुह्या सासूचं. विश्वास बसत नसन त अजून एक डाव वाच, म्हंजे बसन. तुह्या नावातला 'भा' मी चार खेपा गिरवला, म्हून तो म्हशीवाणी फुगला.

तू म्हणशीन, मले माहेरी येऊन सव्वा वर्ष झालं, अन् या बाईले आज कुठं आठवण आली. आठवण-बिठवण काही नाई. अक्षर आलं, म्हून लिहून राह्यली. बाकी सारे माणसं तोंडासमोर आहेत, त्याहिले काय कागद धाडू?

कशी शिकली ते आईक. ऑक्टोबरात धम्मदीक्षेले एक वर्ष झालं, तवा प्रेमदासनं समाजमंदिराची भिंत चुन्यानं पोतली अन् तिच्यावर निळीनं आठ ओळी लिहल्या. मी कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन वावरातून येऊन राह्यलती. प्रेमदास कुची धरून एक एक ओळ मोठ्यानं म्हणून पाहत होता. सम्यक दृष्टी. सम्यक संकल्प. अन् तिसऱ्या ओळीले त्यानं मान वळवली, माह्याकडं पाह्यलं अन् म्हणे, "सम्यक वाचा!"

मले वाटलं, हा मले हुकूम सोडून राह्यला.

मी गाठोडं खाली टाकलं. "काय वाचा रे? मले अक्षर येत नाई हे साऱ्या आंजीले माहीत आहे, अन् तू भर रस्त्यात मले वाचा म्हणतं?"

"मावशी, तसं नाई..."

"मंग कसं? कुठं आहे तुहं ते सम्यक? आण इकडं! आज नाई त उद्या वाचून दाखवते का नाई पाह्य!"

तो बिचारा कुची धरून तसाच उभा राह्यला. निळीचे थेंब त्याच्या धोतरावर पडत होते. मंग हळूच म्हणे, "रविवारी दुपारी या. बायांचा वर्ग आहे."

गेली मी. मले वाटलं सम्यक नावाचं एखादं जाड पुस्तक असन, दीक्षा घेतलेल्या साऱ्याहिले ते वाचाच लागत असन, अन् जो वाचणार नाई त्याचं नाव काटत असन. त्या भेवानं मी दोन महिन्यात अ पासून ज्ञ पावतर गेली. तानाबाई माह्या बाजूले बसते, ती अजून 'ढ'वरच आहे.

डिसेंबरात एक दिवस मी भिंत स्वतः वाचली. बोट लावून, आठही ओळी. अन् प्रेमदासले म्हटलं, "आता देजो पुस्तक."

तवा तो बोलला. "मावशी, पुस्तक नाई. वाचा म्हंजे वाणी, बोलणं. सम्यक वाचा म्हंजे नीट बोलणं."

"मंग दोन महिने काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तुम्ही वर्गात आल्या असत्या काय?"

मी घरचा रस्ता धरला. नीट बोलण्याचा विषय निघाला का आपल्या घरात सगळे माह्याकडंच पाह्यतात.

तू लगनाच्या पह्यल्या साली मले पाटी आणून देलती. तिचं काय झालं ते तुले माहीत आहे, मी लिहत नाई. आता नवी घेतली.

कवडू मजेत आहे. जिनिंगमध्ये काम सुरू आहे. जेवते बरोबर. बोलत जास्त नाई, पण त्याचा स्वभावच तसा.

कवडूची आई


आंजी
९ फेब्रुवारी १९५८

चि. सौ. भागीरथा,

तुहा कागद नाई आला. वेळ नसन मिळाला. तुरी सोंगणीचे दिवस आहेत.

इकडच्या गमती सांगते. भिंतीवरच्या सहाव्या ओळीत 'सम्यक व्यायाम' आहे. ते वाचून मोहल्ल्यातले बाप्ये रोज सकाळी समाजमंदिरापुढं दंड काढाले लागले. तुहे सासरे, मामाजी, मोडून जुळलेला पाय घेऊन बैठका मारत होते. एक बैठक मारे अन् दोघं जण त्याले उचलत. आठ दिवस प्रेमदासनं पाह्यलं, मंग राहवलं नाई त्याले. म्हणे, "काका, हा व्यायाम मनाचा आहे. वाईट विचार येऊ द्याचा नाई, आलेला ठरू द्याचा नाई, याची मेहनत."

मामाजी घाम पुसत म्हणे, "मंग दंडच सोपे होते लेका."

अन् आठवी ओळ आहे 'सम्यक समाधी'. मी म्हटलं, हे बरं केलं, मेल्यावर नीट पुराले सांगतलं. साऱ्या बाया हासल्या. प्रेमदासही हासला. मंग त्यानं सांगतलं का तेही तसं नाई, मन एका जागी ठेवणं म्हंजे समाधी.

पण मले त्या बाकीच्या शब्दापेक्षा पह्यल्याच शब्दाचं कोडं पडलं. मी त्याले इचारलं, "सम्यक म्हंजे नीट ना? मंग 'नीट'च लिहाचं. नीट बोला, नीट पाहा. साऱ्याहिले समजते. एवढा जाड शब्द कायले?"

प्रेमदास म्हणे, "मावशी, हा धम्माच्या ग्रंथातला शब्द आहे. पालीत सम्मा म्हणतात. अन् तो नुसता 'नीट' नाई." मंग त्यानं दुकानातल्या खुंटीवरची चोळी काढली, शकुबाईची शिवाले आलेली. "हे पाहा. घट्ट शिवली त बगलेत उसवते. ढिली शिवली त खांद्यावरून उतरते. शकुबाईच्या मापाची तानाबाईले चालत नाई. मी आंगावर टेप धरतो, मंग कापतो. जिथं जेवढं पायजे तिथं तेवढं, कमी नाई अन् जास्त नाई, त्याले सम्यक म्हणाचं."

हे मले समजलं. समजलं म्हून मी घरी तो शब्द वापराले लागली. मामाजी म्हणे, "वरणात मीठ नाई." मी म्हटलं, "सम्यक आहे." चहा पातळ झाला, तोही सम्यक. कोंबडीनं आंगणात घाण केली, तवा मी म्हटलं हे असम्यक. तवा कवडू हासला. भागीरथा, लय दिवसानं हासला तो. मी त्याच्याकडं पाह्यलं त पटकन तोंड धुवाले गेला.

पण वर्गात माही फजिती झाली. पाटीवर वाक्य लिहाचं होतं. मी लिहलं, 'सम्यका मुलगा अन् सम्यकी मुलगी.' मले वाटलं काळा बैल, काळी गाय, तसंच. प्रेमदासनं दोन्ही काने-वेलांट्या पुसल्या. म्हणे, "हा शब्द बदलत नाई. सम्यक मुलगा, सम्यक मुलगी, सम्यक लोक. पुढं बाई असो का माणूस, एक असो का शंभर, तो आहे तसाच राह्यते."

मी म्हटलं, "म्हंजे बाप्याले पाहून वाकत नाई अन् बाईले पाहून अकडत नाई?"

प्रेमदासनं खडू खाली ठेवला. मंग म्हणे, "मावशी, हे मले मास्तरनं नव्हतं सांगतलं."

मले त्या दिवशी लय बरं वाटलं. घरी येऊन कोणाले तरी सांगाचं होतं. तुही जागा रिकामी.

अजून एक. मोहल्ल्यातला बाबाराव बैलाच्या बाजारासाठी तुह्या समुद्रपूरले गेलता. तो सांगून राह्यला का तुह्या बाबांनी बुद्धपौर्णिमेनंतर बैठक बोलावली, सोडचिठ्ठीची. तुह्यासाठी हिंगणघाटकडचं स्थळ पाह्यलं म्हणे. मी त्याले म्हटलं, खोटं आहे.

खोटं आहे ना?

कवडूची आई


आंजी
९ मार्च १९५८

भागीरथा,

तुहा कागद नाई आला. म्हंजे ते खोटं नाई.

मी कवडूले म्हटलं, "जा, घेऊन ये तिले." तो म्हणे, "मी दोन डाव गेलतो. तिसऱ्यांदा जाणार नाई. ती माह्यावर रागावून गेली काय?" अन् ताट सरकवून उठला. पह्यल्या कागदात मी लिहलं ना का तो जेवते बरोबर? ते खोटं होतं. त्याचे सदरे प्रेमदासनं दोनदा लहान केले.

म्हून मी ठरवलं, आपण एक दिवस सम्यक वाचा करून पाहू. वाईट बोलाचंच नाई. वाईट काय, काहीच बोलाचं नाई, म्हंजे चूकच होणार नाई. सकाळपासून मी तोंड बंद केलं. मामाजीनं चहा मांगतला, मी देला, गप. शेजारची कोंबडी घरात आली, मी हाकलली, गप. तानाबाई दारातून म्हणे, "काय व, जीव बरा नाई काय?" मी मान हालवली. दुपारपावतर मामाजी तीनदा येऊन माह्या कपाळाले हात लावून गेला. मंग पाह्यते त त्यानं बैलबंडी जुपली, तिच्यात तणस टाकली, वर गोधडी पसरली.

"चाल," म्हणे, "सेवाग्रामच्या दवाखान्यात नेतो तुले. लकव्याचंच आहे हे. तीस वर्षात तू एवढा वेळ गप नाई राह्यली."

मले बोलाच लागलं. अन् जे बोलली ते सम्यक नव्हतं.

रविवारी मी हे वर्गात सांगतलं. प्रेमदास म्हणे, "मावशी, मुकं राहणं म्हंजे सम्यक वाचा नाई. खरं बोलाचं, पण लागन असं नाई. ज्याच्या कामाचं आहे त्याले बोलाचं, अन् वेळेवर बोलाचं."

खरं, अन् वेळेवर. ते मी घेऊन बसली. मंग मी हात वर केला, लहान पोरावाणी. म्हटलं, "एक व्याकरण इचारते. काळा-काळी होते. तसं 'पांढऱ्या पायाची' याचं बाप्यासाठी काय होते?"

प्रेमदास म्हणे, "सोपं आहे. पांढऱ्या पायाचा."

"मंग असा म्हटलेला एखादा जावई सांग. जावई घरात आला अन् म्हैस मेली, त्याले कोणी म्हटलं काय पांढऱ्या पायाचा?"

बाया पह्यले हासल्या. मंग हासणं थांबलं. प्रेमदासनं लय आठवून पाह्यलं. आंजीत नाई सापडला, वर्ध्यात नाई, त्याच्या मामाच्या गावातही नाई. म्हणे, "मावशी, व्याकरणात आहे. गावात नाई."

तवा मले समजलं का मी तुले काय म्हटलं होतं.

आता जे खरं आहे ते लिहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवर, दहा-बारा बायांपुढं, मी तुले पांढऱ्या पायाची म्हटलं. तू आली अन् बैल मेला, तू आली अन् सासऱ्याचा पाय मोडला, असं म्हटलं. तुह्या डोक्यावर पाण्यानं भरलेला गुंड होता. तू तो सांडला नाई. घरी आणून ठेवला, पदर पिळला अन् दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

बैल तुह्या लगनाच्या आधीपासून खोकत होता. मले माहीत होतं. मीच त्याले काढा पाजत होती. अन् मामाजीचा पाय मोहाच्या दारूनं मोडला, तुह्या पायानं नाई. तेही मले माहीत होतं. आता दीक्षेपासून त्यानं एक थेंब घेतला नाई, अन् पडलाही नाई. पाह्य तूच.

मंग काऊन म्हटलं? हे लिहाले मले आठ दिवस लागले. तू संध्याकाळी वसरीत बसून पेपर वाचे, कवडू आईके, मामाजी आईके. मोहल्ल्यातल्या बाया कागद घेऊन तुह्याकडं येत. मले ओलांडून जात. तू कागदाकडं पाहून हासे, अन् मी तोच कागद हाती घेतला त मले मुंग्या दिसत. मले तुह्या पायाचा राग नव्हता व पोरी. तुह्या डोळ्याचा होता. तू पाटी आणली तवा मले वाटलं, आता ही मले माह्याच घरात बिगरीच्या वर्गात बसवते. म्हून मी ती चुलीपुढं फोडली.

माहं चुकलं.

सही कशी कराची ते प्रेमदासनं शिकवलं. हे पाह्य.

पंचफुला


समुद्रपूर
२३ मार्च १९५८

ती. आत्याबाईंना सविनय जयभीम.

तुमचे तिन्ही कागद मिळाले. पहिला आला तेव्हा मला वाटलं, कोणीतरी माझी गंमत करत आहे. मी तो आईला दाखवला. आई म्हणाली, गंमत करणारा 'भा' इतका मेहनतीनं काढत नाही.

तिसऱ्या कागदात एकवीस चुका आहेत. मी लाल पेन्सिलीनं खुणा करून कागद सोबत परत पाठवला आहे. 'सम्यक' मात्र सगळीकडे बरोबर लिहिलं. 'लकवा' वाचून मी इतकी हसले की बाबा आतून पाहायला आले.

बैठकीचं खरं आहे. मी बाबांना हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुढच्या महिन्यात माझी सातवीची परीक्षा आहे. ती होईपर्यंत मला कोणी काही विचारू नये, एवढं मी सांगितलं आहे.

आत्याबाई, तुम्ही चुकलं म्हणून लिहिलं, ते मी पाच वेळा वाचलं. पण तुम्ही मला जे म्हटलं ते कागदावर नव्हतं म्हटलं. विहिरीवर म्हटलं होतं. त्या बायांनी ते ऐकलं, घरी नेलं, आपल्या नवऱ्यांना सांगितलं. इथं समुद्रपूरच्या बाजारातही एका अनोळखी बाईनं माझ्या पायांकडे पाहिलं होतं. तुमचा कागद तुमच्या नाहीतर माझ्या पेटीत राहील. तो त्या बायांना कसा दिसणार?

जिथं म्हटलं तिथंच परत घ्या. मग मी काय ते ठरवीन.

तुमच्या मुलाला सदरे लहान करून घेऊ नका म्हणावं. जेवावं.

भागीरथा


आंजी
१४ एप्रिल १९५८

भागीरथा,

आज बाबासाहेबांची जयंती. बाहेर लेझीम सुरू आहे, मामाजी मोडक्या पायानं सर्वात पुढं नाचून राह्यला. मी आत बसून लिहून राह्यली, कारण कालचं आजच लिहाले पायजे.

तुहा कागद आला तवा खरं सांगते, पह्यले मले राग आला. वाटलं, एवढं लिहलं, अजून काय पायजे हिले? चार दिवस मी विहिरीवर गेली अन् पाणी भरून परत आली. पाचव्या दिवशी तोंड उघडलं त "उन्ह लय आहे" एवढंच निघालं. बाया म्हणे, "हो, आहे." सहाव्या दिवशी तेही नाई. कागदावर लिहणं सोपं आहे व. कागद तोंडाकडं पाहत नाई.

काल जयंतीच्या सैपाकाचं पाणी भराचं होतं. साऱ्या मोहल्ल्याच्या बाया विहिरीवर. मी म्हटलं, आज नाई त पुढच्या सालीच एवढ्या बाया जमतीन, अन् पुढच्या सालापावतर माही सून हिंगणघाटले गेली असन.

मी गुंड खाली ठेवला अन् दोर हाती धरूनच ठेवला. मांगून तानाबाई ओरडली, "काय व पंचफुला, दोर सोड ना! आमाले का रात करतं?"

"मले बोलाचं आहे," मी म्हटलं.

"बोल ना मंग. तुले कधी कोणी अडवलं?"

मी बायांकडं तोंड केलं. मी म्हटलं, "बायांनो, मांगच्या पोळ्याच्या आधीच्या पोळ्याले मी इथं उभी राहून माह्या सुनेले पांढऱ्या पायाची म्हटलं होतं. ते खोटं होतं. बैल आधीचाच बिमार होता, अन् आमच्या नत्थूजीचा पाय दारूनं मोडला. माही सून भागीरथा चांगली आहे. शिकलेली आहे, हे मले सोसलं नाई, म्हून मी तिच्या पायावर खापर फोडलं. माहं चुकलं. तुम्ही आईकलं होतं, म्हून तुमाले सांगून राह्यली. घरी जाऊन हेही सांगजा."

बालटीतून पाणी ठिबकत होतं.

मंग तानाबाई म्हणे, "आमी त विसरलो होतो व."

"भागीरथा नाई विसरली," मी म्हटलं.

तानाबाईनं मान खाली घातली. मले वाटलं आता हासन, तिचा स्वभाव तुले माहीत आहे. पण ती विहिरीच्या पाळीवर बसली. म्हणे, "मलेही म्हटलं होतं. लगनाले महिना झाला होता, अन् दीर सापानं मेला. सासूनं म्हटलं. चाळीस साल झाले. ती मरेपावतर मी तिचं केलं, हागमूत काढलं. एक डाव ती ते परत घेईल वाटलं होतं. नाई घेतलं तिनं." अन् पदर डोळ्याले लावला. तीस सालाची शेजारीण माही, अन् मले हे माहीत नव्हतं.

मी तिच्याजवळ बसली. ती म्हणे, "पंचफुला, मलेही म्हण व."

"मी तुले कुठं म्हटलं होतं?"

"नसन म्हटलं. जिनं म्हटलं ती आता येत नाई. तू म्हण."

मंग मी साऱ्याहिपुढं म्हटलं, "तानाबाई, तुहे पाय पांढरे नाईत."

शकुबाई मांगून म्हणे, "पांढरे कुठचे बाई, काळे कुळकुळीत आहेत, अन् भेगा एवढ्या का त्यात तूर पेरून घ्या!"

तानाबाई रडता रडता अशी हासली का पाळीवरून खालीच पडत होती. मंग साऱ्याच हासल्या. लाडू बांधाले आलेल्या पाहुण्या बायाही हासल्या, त्याहिले काहीच माहीत नव्हतं. वापस येताना दोघींनी माहा गुंड उचलून देला, अन् मी नको म्हटलं तरी घरापावतर आल्या.

कवडू दारात उभा होता. आमच्या आधी बातमी पोचली होती. माह्या डोक्यावरचा गुंड त्यानं उतरवला, अन् पाण्यात तोंड घालून उभ्या-उभ्या अर्धा गुंड पेला.

तू ये नाईतर नको येऊ. ते तुह्यावर आहे. मी माहं काम केलं.

पंचफुला


आंजी
८ जून १९५८

भागीरथा,

तुहा फारम मिळाला. तुहा कागदही.

आधी राग सांगते, मंग बाकीचं. तिसऱ्यांदा जाणार नाई म्हणणारा कवडू बुद्धपौर्णिमेले तुह्याकडून शिटी वाजवत परत आला. एस.टी. फाट्यावर थांबली, तिथून शिटी आईकू येत होती. म्हणे, तुह्या बाबांनी बैठक मोडली, तू साफ नाई म्हटलं सोडचिठ्ठीले, अन् सातवीत पास झाली. मी त्या दिवशी वसरी सारवली. तुह्या पेटीसाठी कोपरा रिकामा केला. तानाबाईनं पुरणाची दाळ निवडली.

अन् मंग तुहा कागद येते का मी सासरी येत नाई, वर्ध्यात मास्तरीण व्हायच्या ट्रेनिंगले जाते, दोन साल हॉस्टेलात राहते, सुटीत येईन.

तीन दिवस मी कोणाशी बोलली नाई. या खेपेले मामाजीनं बंडी जुपली नाई. म्हणे, "हा लकवा नाई, हा राग आहे, मी ओळखतो."

चौथ्या दिवशी मी तुहा कागद परत वाचला. त्यात तू लिहलं, फारमावर पालकाची सही पायजे, अन् ती तुमची पायजे. कवडू कायवरही सही करन, तो आनंदात आहे. बाबा करणार नाईत, ते रागात आहेत. पण आत्याबाई, तुम्ही केली त पुढं त्या घरात कोणी मले 'काऊन गेली' म्हून इचारणार नाई. असं लिहलं तू.

लय हुशार आहेस. माह्यापेक्षा दोन पावलं पुढं चालतेस. हे मी तारीफ म्हून लिहून राह्यली, टोमणा म्हून नाई. आता प्रत्येक डाव सांगाच लागते मले.

मी फारम टपालानं धाडला नाई. कवडूले घेऊन स्वतः वर्ध्याले गेली, काल. तिथल्या कारकुनानं फारम पाह्यला, मले पाह्यलं, अन् शाईची डब्बी पुढं सरकवली. "अंगठा लावा बाई."

मी म्हटलं, "पेन दे."

त्यानं पेन देला. मंग इचारते, "तुम्ही कोण लागता मुलीच्या?"

"सासू."

"सासूची सही नाई चालत. वडलांची नाईतर यजमानांची आणा."

कवडू मांगं उभा होता, तो पुढं आला. मी त्याले हातानं मांगं केलं. म्हटलं, "दादा, फारमात 'पालक' लिहलं आहे. मी वाचलं. बाप लिहलं नाई, नवरा लिहलं नाई. पालक म्हंजे काय ते तू सांग. हा शब्द बाईले लागत नाई काय?"

तो डोकं खाजवत आत गेला. मोठ्या बाईंना इचारून आला. नाव प्रमिलाबाई म्हणे, चष्मा लावतात, त्या स्वतःच दारापावतर येऊन मले पाहून गेल्या. कारकून म्हणे, "चालते."

सही केली मी. चौकोन लहान होता. 'पंचफुला' आत बसलं, मामाजीचं नाव 'नत्थूजी' चौकोनाच्या बाहेर गेलं. घरी येऊन मामाजीले सांगतलं, त तो म्हणे, "बाहेर हवा चांगली लागते."

येताना फाट्यावर तानाबाईचा भाऊ भेटला. त्याले साराच तपास पायजे. म्हणे, "काय हो, सून नांदाले आली काय?"

मी म्हटलं, "नाई. शिकून राह्यली."

तो म्हणे, "मंग घरी कोण सैपाक करते?"

कवडू म्हणे, "मी भाकर शिकून राह्यलो."

शाळा तेवीस तारखेले सुरू होते. त्याहिनं सामानाची यादी देली, ती सोबत धाडते. त्यात कंदील लिहला आहे, तो आपल्या घरचा घेऊन येईन. दोन लुगडे पांढरे पायजेत म्हणतात. प्रेमदासनं चोळ्यांचं माप मांगतलं आहे, लवकर लिहजो. कवडूच्या हातची भाकर पाठवत नाई, अजून तिचा नकाशा होते.

माह्या या कागदात चुका काढून परत धाडजो. लाल पेन्सिल वापरली तरी चालते.

तुही पालक,
पंचफुला